बंपर का दिला नाही: ताईंच्या दोन स्टारना उत्तर

ताई, नमस्कार. बाळाचं आणि तुमचं मनापासून अभिनंदन.

दोन स्टार देताना तुम्ही लिहिलंत की आमच्या दुकानातून अठरा हजार मोजून सागवानी कॉट घेतली, पण सोबत बंपर (कठड्याला आतून बांधायची मऊ गादी) नाही, उशी नाही, दुलई नाही. जादा पैसे देऊ केले तरी दुकानातल्या आमच्या मुलांनी नाही म्हटलं. गादी पाटासारखी कडक आहे. बाजू खाली सरकत नाही, त्यामुळे सिझेरियनचे टाके ओले असताना बाळाला उचलायला पार वाकावं लागतं. आणि बारशाला कॉट उघडीबोडकी दिसू नये म्हणून तुम्ही बंपरचा सेट बाहेरून आणून बांधलात.

वाकण्याची तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे. आपल्या कॉटची तळाची फळी तीन उंचीवर बसते. तान्ह्यासाठी सगळ्यात वर, बाळ बसायच्या बेतात आलं की मध्ये, आणि कठडा धरून उभं राहायच्या आधी सगळ्यात खाली. तुमच्या फोटोत ती आत्ताच सगळ्यात खाली आहे. आमचा माणूस कॉट जोडून निघून गेला, तुम्हाला काही समजावलं नाही. टाके असताना तुम्हाला हा त्रास झाला याचं मला फार वाईट वाटतं. माफ करा.

सरकणारी बाजू मात्र आम्ही करत नाही. तिचे खटके वापरून ढिले होतात, बाजू एका टोकाला सुटते आणि गादीच्या कडेला पडलेल्या फटीत बाळ अडकतं. अशी बाळं दगावली म्हणूनच अमेरिकेत जून २०११ पासून या कॉट विकायला बंदी आहे.

आता बंपर. दुकान सुरू केलं तेव्हा मी स्वतः बंपर विकायचो. मखमली, आत जाड कापूस, चारही बाजूंना नाड्या. माझ्या मुलीच्या कॉटलाही तोच बांधला होता. ती चार महिन्यांची असताना एका दुपारी बायकोने पाहिलं तर पोर कडेला सरकून नाक बंपरमध्ये रुतवून पडलेली, घामाने चिंब. बायकोने उचललं, ती रडली, सगळं ठीक झालं. पण दहा मिनिटं उशीर झाला असता तर, हा विचार आजही मला झोपू देत नाही. त्या आठवड्यात दुकानातले सगळे बंपर काढले.

तान्ह्याची मान इतकी कच्ची असते की तोंडापुढे मऊ कापड आलं तर त्याला ते बाजूला करता येत नाही. सोडलेलाच श्वास ते परत आत घेत राहतं, आणि आवाजही होत नाही. उशी, दुलई, गोधडी, मऊ खेळणं, डोक्याला आकार यावा म्हणून दिलेली मोहरीची उशी, सगळ्यांचं तेच. अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून जाड बंपरची विक्रीच बंद केली. पूर्वी कॉटच्या कठड्याच्या पट्ट्या एकमेकींपासून लांब लांब असायच्या, डोकं अडकायचं, म्हणून बंपर आले. आपल्या कॉटमध्ये दोन पट्ट्यांत सहा सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर आहे. तुम्ही मोजून बघा.

गादी कडक आहे ती मुद्दाम. हाताने दाबली तर खड्डा राहता कामा नये, आणि गादी व कठड्याच्या मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. वर घट्ट बसणारी चादर, बास. थंडी असेल तर बाळाला अंगात एक कपडा जास्त घाला, पांघरूण नको. मच्छरदाणी लावा, आपल्याकडे ती हवीच, पण कॉटच्या बाहेरून ताणून, आत लोंबणार नाही अशी.

फोटोत बाळ दोन लोडांच्या मध्ये कुशीवर आहे. दूध वर येईल म्हणून आजी तसं झोपवतात, असं तुम्ही लिहिलंय. आजींची काळजी मला समजते, माझी आईही हेच म्हणायची. पण बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत सहज उतरत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. तुमच्या डॉक्टरांना आजींसमोरच विचारा, म्हणजे घरात वाद होणार नाही. डोकं चपटं होईल अशी भीती असेल तर बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथं घाला.

बारशाला कॉट हवी तशी सजवा. झेंडूच्या माळा लावा, चिमणाळं टांगा, दुपटी अंथरा, फोटो काढा. पाहुणे गेले आणि बाळ निजलं की मात्र आतलं सगळं बाहेर.

तुम्ही सांगाल त्या वेळी मी स्वतः येऊन फळी वर घेतो, पंधरा मिनिटांचं काम आहे. कॉट नकोच असेल तर परत नेईन, पूर्ण पैसे देईन, स्टार बदलायलाही सांगणार नाही. बंपरची पावती ठेवा, त्या दुकानाने परत घेतला नाही तर त्याचे पैसे मी देतो. पण माझी वाट बघू नका ताई, त्या नाड्या आज रात्रीच सोडा.