बिलातला एक रुपया कुठे गेला: बेळगावच्या रविवार पेठेतल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "बारा वर्षं बिनतक्रार चाललेलं सॉफ्टवेअर यांनी नव्या व्हर्जनच्या नावाखाली बिघडवलं. बिलात रुपयाचा घोळ, स्टॉकमध्ये अडीच पेट्या, गिऱ्हाइकाचं नाव रकमेवर चढलेलं. पैसे काढायचे धंदे." पहिल्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत.

रुपयाचा घोळ आधी, कारण रोज रात्री गल्ला जुळवताना तुम्हालाच त्रास झाला. तुमचं बिलाचं सॉफ्टवेअर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या 2.7 आवृत्तीत होतं, आता ते पायथन 3 मध्ये आणलंय. जुन्यात 842.50 चे 843 व्हायचे. नव्यात नेमका अर्धा आला की आकडा जवळच्या सम संख्येकडे जातो: 842.50 चे 842, पण 843.50 चे 844. म्हणून काही बिलं बरोबर आणि काही रुपयाने कमी. 'कधी चुकतं, कधी नाही' असं तुम्ही फोनवर म्हणालात, तेव्हा आमच्या पोराला ते पटलं नव्हतं. तुमचंच बरोबर होतं.

अडीच पेट्यांचंही तसंच. जुन्या भाषेत 30 ला 12 ने भागलं की 2 यायचे, नव्या भाषेत 2.5 येतात. नव्या भाषेत 'प्रिंट' या छापायच्या आज्ञेला कंस लागतात; शेकडो ओळींना ते लावायचं काम तयार टूल करून देतं, पण भागाकार आणि राउंडिंग (पूर्ण रुपयात आकडा करणं) असे अर्थ बदलून गप्प बसतात. कुठे एरर येत नाही. आणि नावांचं असं, की जुन्यात मराठी-कन्नड नाव बाइटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीच्या मापात, मोजलं जायचं, एका अक्षराला किंवा मात्रेला तीन बाइट. आम्ही नाव 60 वर कापत होतो, म्हणजे अक्षरं-मात्रा धरून वीस. नव्यात तेच 60 म्हणजे अक्षरं-मात्रा धरून खरीच साठ झाली आणि नाव रकमेवर गेलं.

हे तुमच्या जुन्या बिलांवर आधी चालवून बघितलं असतं तर एका दुपारीत सापडलं असतं. ते केलं नाही, आणि वर गणपतीच्या खरेदीच्या आठवड्यात बदल केला. दोन्ही चुका आमच्या.

आता पैशांचं. 2014 साली बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा बिलाचा इंग्रजी मथळा दहा मिनिटांत बदलून दिला होता (मराठीत 'बेळगाव'च ठेवायला लावलंत, ते अजून तसंच आहे). हे काम तसलं नव्हतं. पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला आणि तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर जुन्या लायब्ऱ्या (सॉफ्टवेअरला लागणारे तयार कोडचे संच) बसेनात. बदल टाळता येत नव्हता. पण पायथन 3 डिसेंबर 2008 मध्येच आलं होतं आणि तुमचं सॉफ्टवेअर आम्ही 2012 मध्ये लिहिलं. तेव्हा हाताशी होतं ते वापरलं, पुढे ढकलत राहिलो. त्या आळसाचं बिल पूर्ण तुमच्यावर टाकणं मला योग्य वाटत नाही, म्हणून निम्मी रक्कम परत करतोय.

तिन्ही दुरुस्त्या झाल्यात. या वेळी मार्च महिन्याची सगळी बिलं जुन्या-नव्या दोन्हींत काढून जुळवली. ज्या दिवसांचा गल्ला जुळला नाही त्यांची यादी घेऊन मी स्वतः येतो, तुमची वही काढून ठेवा. आणि जुना कॉम्प्युटर एवढ्यात भंगारात देऊ नका.