आखूड दांड्याची कुऱ्हाड

हत्यारांची परीक्षणं करणाऱ्या पुरुषांची एक जमात आहे. हे लोक नवी कुऱ्हाड आणतात, तिने आधी कागद कापतात, मग हातावरचे केस भादरतात, मग एखाद्या निरपराध ओंडक्यावर मन भरेपर्यंत घाव घालतात आणि पुन्हा कागद कापतात. शेवटी 'धार उत्तम टिकली, पकड सुखकर' असा निर्वाळा देतात. स्वतःचं काय झालं, ते मात्र कुणी लिहीत नाही.

माझ्याकडे टॉमहॉक, म्हणजे आखूड दांड्याची हलकी कुऱ्हाड, आली ती मेहुण्याकडून, वाढदिवसाची भेट म्हणून. बहिणीच्या सुरळीत चाललेल्या संसारात भाऊ कुऱ्हाड का पाठवतो, हा प्रश्न मी गिळला. ओंडका घरचाच होता. मागच्या अंगणातलं ॲशचं झाड एमराल्ड ॲश बोररने संपवलं. हा पाचूच्या रंगाचा भुंगा मूळचा आशियातला. अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१४ मध्ये न्यू जर्सीत सापडला. तोही कुठे, तर ब्रिजवॉटरला, जिथे आपण सगळे बालाजीच्या दर्शनाला (आणि खरं सांगायचं तर कँटीनमधल्या डोशाला) जातो. झाड पाडणाऱ्यांनी बुंधा आडवा केला आणि ओंडके उचलून न्यायचे वेगळे पैसे सांगितले. 'राहू दे, माझ्याकडे हत्यार आहे,' असं मी म्हणालो. बायको काही न बोलता घरात निघून गेली.

इथल्या मूळ रहिवाशांशी व्यापार करायला युरोपियन लोहार टॉमहॉकची लोखंडी पाती घडवत. काहींना मागच्या अंगाला चिलीम असे आणि दांडा आतून पोकळ. म्हणजे भांडण आणि समेट एकाच दांड्यावर. माझ्या टॉमहॉकला चिलमीच्या जागी हातोडी आहे. पातं जेमतेम अर्ध्या किलोचं, दांडा दीड फुटाच्या आसपास, हिकरीच्या लाकडाचा. कुदळीला घालतात तसा तो वरून सरकवायचा. पाचर नाही, खिळा नाही. घाव घालाल तसं पातं आपसूक घट्ट होतं. शिवाय हिकरी आणि ॲश ही दोन्ही लाकडं पिढ्यानपिढ्या दांड्यांच्याच धंद्यातली, त्यामुळे गोतास काळ होण्याची पूर्ण तयारी होती.

ओंडका तोडायचा तर घाव तिरके घालावे लागतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. खाच वरच्या बाजूला ओंडक्याच्या जाडीइतकी रुंद ठेवावी लागते, नाहीतर पातं आत रुतून बसतं. हे सगळं मला पाठ होतं. वाळलेल्या ॲशला नव्हतं. साल तेवढी लगेच उडाली आणि खाली अळ्यांनी कोरलेले नागमोडी रस्ते उघडे पडले. बोटभर जागासुद्धा त्यांनी सोडली नव्हती. त्या अळ्यांना ना पोलाद, ना दांडा, ना वाढदिवस. तरी अख्खं झाड त्यांनी आडवं केलं, आणि मी अजून साल सोलत होतो.

लांब दांड्याची कुऱ्हाड हुकली तर जमिनीत घुसते. आखूड दांड्याची हुकली तर थेट तुमच्या नडगीची चौकशी करायला येते. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणारा पहिला माणूस नक्की आखूड दांडा वापरत असणार. म्हणून शहाणे लोक गुडघे टेकून काम करतात. मीही टेकले. तेवढ्यात कुत्र्याला फिरवणारे शेजारी कुंपणापाशी थांबले. ओंडक्यापुढे गुडघे टेकून पुटपुटणारा भारतीय माणूस पाहून त्यांनी अदबीने टोपी काढली आणि कुत्र्यालाही गप्प केलं. आमचा काहीतरी विधी चाललाय, अशी त्यांची समजूत झाली असावी.

आता 'सुखकर पकडी'विषयी. दांड्याला कारखान्यातूनच गुळगुळीत व्हार्निश असतं. जाणकार ते आधी घासून काढतात आणि जवसाचं तेल चोळतात. पण मी पडलो परीक्षक, माल आला तसा तपासणं माझं कर्तव्य. घामाने व्हार्निश चिकटू लागलं आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड प्रकट झाला. फोड आला म्हणून पकड सैल, पकड सैल म्हणून घाव वेडावाकडा, आणि वेडावाकडा घाव नेमका गाठीवर. त्याचा झणका कोपरातून निघून दाढेपर्यंत पोचला.

धार मात्र शाबूत! ती बघायची रीत अशी, की पातं उजेडात धरून धारेवर सरळ वरून नजर टाकायची. चांगली धार दिसतच नाही. जिथे चमकते तिथे ती बोथटलेली किंवा वळलेली असते. गाठीवर बसलेल्या जागी कणभर चमक होती, बस. कुऱ्हाडीचं पोलाद चांगल्या सुरीपेक्षा मुद्दाम थोडं मऊ ठेवतात. फार कडक केलं तर आघाताने धारेचा टवकाच उडतो. मऊ धार नुसती वळते आणि दगडावर पुन्हा सरळ होते. माझ्या मनगटात ही सोय नव्हती. नियमाप्रमाणे केसही भादरले. डावा हात आधीच साफ झालेला, म्हणून उजवा घेतला. सोमवारी ऑफिसात एका सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

सासूबाई तेव्हा राजापूरहून आमच्याकडे आलेल्या होत्या. लेकीने विळी सामानात आणू दिली नाही, हा राग अजून ताजा होता, आणि त्यात इंडियन स्टोअरमध्ये कुयरी, म्हणजे कोवळा फणस, मिळालेली. "जावईबापू, ते तुमचं काय आहे ते आणा बघू इकडे." त्यांनी टपालात आलेली जाहिरातपत्रकं जमिनीवर पसरली, आधी हातांना आणि मग पात्याला खोबरेल फासलं. दांडा त्यांनी टोकाला धरलाच नाही, पात्याला अगदी लगटून धरला. कुयरीचे सरळ दोन भाग झाले. चीक सवलतीच्या कुपनांवर टपटपला. मग पाव, म्हणजे मधला गाभा, काढला, काटेरी साल तासली, फोडी केल्या. फोड नाही, झणका नाही, पुटपुटणं नाही.

मी वही घेऊन शेजारी बसलो होतो. "आई, कशी वाटली?"

"धार बरी आहे," त्या पातं पुसत म्हणाल्या, "पण हिच्यावर पाय ठेवून बसता येत नाही."

हा दोष एकाही परीक्षणात माझ्या वाचनात आला नव्हता.