‘लपवायचं काही नाही, तर कॅमेऱ्याला भीती कशाला?’ या फिरत्या मजकुराला उत्तर

गणपती जवळ आले की हा मजकूर फिरू लागतो: “एसटी स्टँड, स्टेशन, जेटी, सगळीकडे चेहरा ओळखणारे कॅमेरे लावा. १९९३ ला ते असते तर शेखाडीला आरडीएक्स उतरलंच नसतं. यंत्र चुकत नाही. सार्वजनिक जागेत कसली आलीये प्रायव्हसी? लपवायचं काही नसेल त्याने घाबरू नये.”

आधी शेखाडी. श्रीवर्धनच्या त्या किनाऱ्यावर १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी उतरवलेला माल कुणाला दिसला नाही म्हणून सुटला नाही. कस्टम्स आणि पोलीस खात्यातल्या काहींनी पैसे घेऊन वाट मोकळी केली. दिघीला उतरलेला माल तर गोंडघर फाट्यावर अडवून मग सोडला होता. यात कर्मचारी दोषी ठरले. पैसे खाणाराच पडद्यासमोर बसला तर कॅमेरा कुणाला अडवणार?

यंत्र ‘हाच तो’ असं सांगत नाही. ते दोन चेहऱ्यांतल्या साम्याचा आकडा देतं आणि कितीला ‘जुळलं’ म्हणायचं ते माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकाराच्या उत्तरात ८० टक्के साम्य पुरेसं धरल्याचं सांगितलं होतं. हजारात एकदाच चुकणारं यंत्र धरा: २०,००० चाकरमानी उतरले की २० निरपराध अडकले, तेही बायकापोरांसमोर. त्यात कॅमेरा खांबावर उंच, चेहरा वरून तिरका, डोक्यावर छत्री, काचेवर पावसाचं पाणी. चुका वाढणारच.

प्रायव्हसीचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात दिलंय: सार्वजनिक जागेत आल्याने ती संपत नाही. सरकारला तिच्यावर मर्यादा घालायची तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. चेहरा ओळखण्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही, आणि लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणासाठीच्या २०२३ च्या डेटा कायद्यात गुन्हे तपासाला मोठी सूट आहे.

साधा सीसीटीव्ही उपयोगी आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण चित्रण कोण बघतं आणि किती दिवस ठेवतं, हे ग्रामसभेत विचारलंच पाहिजे. २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी जागा खातो. १६ कॅमेऱ्यांची ४ टीबीची (सुमारे ४,००० जीबी) डिस्क ११-१२ दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. म्हणून चुकून अडवलं गेलं तर दोन-तीन दिवसांतच लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा आणि ‘चित्रण जतन करावे’ ही मागणी. पोच घ्या. पोलीस ठाण्यात नेलं असेल तर तिथलंही चित्रण मागा. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ते १८ महिने, आणि ते शक्यच नसेल तर किमान वर्षभर ठेवणं बंधनकारक आहे.