आईचा दुभाषा

आईला इंग्रजी येत नाही असं म्हटलेलं तिला चालत नाही. सांगली जिल्ह्यात तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय तिने. इंग्रजी वाचता येतं. इथली माणसं जे बोलतात ते तिच्या मते इंग्रजीच नव्हे, त्याला ती काय करणार?

त्यामुळे ती न्यूयॉर्कला, आमच्या क्वीन्समधल्या फ्लॅटवर राहायला आली तेव्हापासून दुभाषा मी. डॉक्टर, बँक, फळवाला, सगळीकडे मीच. माझी पद्धत ठरलेली आहे. आई चार मिनिटं बोलते, त्यात गुडघा, सून, हवामान आणि १९७२ चा दुष्काळ येतो. मग मी समोरच्याला सांगतो, ‘शी सेज थँक यू.’

गेल्या जानेवारीत आमचा घर गरम ठेवणारा रेडिएटर थंड पडला. ही जुन्या बिल्डिंगमधली भानगड असते. बॉयलर खाली तळघरात, त्याची चावी घरमालकाच्या हातात, आणि वर आपण भिंतीतल्या लोखंडी फासळ्यांवर हात ठेवून आशेवर जगायचं. तीन दिवस सुपरला, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या माणसाला, मेसेज केले. तो अंगठा पाठवायचा. उष्णता नाही, अंगठा.

आता याबाबतीत शहराचा नियम कडक आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा ‘हीट सीझन’. दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात निदान ६८ पाहिजे, आणि रात्री बाहेर काहीही असो, ६२. हे मी आईला समजावून सांगितलं. तिने ६८ चे सेल्सिअस करायला लावले. वीस निघाले. ‘वीस? अरे, वीसला आम्ही महाबळेश्वरला पैसे देऊन जायचो,’ म्हणाली. मग दोन स्वेटर, वर शाल, त्यावर माझा रेनकोट अशी बसून राहिली. थर्मामीटर ६१ दाखवत होता. सकाळचे आठ वाजले होते.

मी शहराच्या तक्रार नंबरवर फोन लावला आणि सवयीप्रमाणे गुळमुळीत सुरुवात केली, की माझ्या आईला जरा थंडी वाजते. पलीकडची बाई म्हणाली, तक्रार आईची आहे ना, मग आईलाच बोलू द्या. भाषा कोणती?

मी म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, तुम्ही आहात, पण त्यांना दुभाषा मिळण्याचा हक्क आहे.

मी चाट पडलो. नंतर शोधलं तर खरंच कायदा निघाला. २०१७ चा लोकल लॉ ३०. त्यात शहराने दहा भाषा ठरवल्या आहेत, महत्त्वाचे कागद त्या भाषांत द्यावे लागतात. बंगाली आहे, उर्दू आहे, पोलिश आहे. मराठी नाही. (हिंदीही नाही, हे कळल्यावर आईला थोडं बरं वाटलं.) पण फोनवरचा दुभाषा मात्र किमान शंभर भाषांत उपलब्ध हवा, आणि त्या शंभरात आपण बसतो. गावाकडे तर सगळं मराठीतच चालतं, तरी आईला नगरपालिकेची ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ छापाची नोटीस आली की शिपायालाच गाठून विचारावं लागायचं, पैसे भरायचेत की मिळणारेत?

तर मी सांगितलं, ‘मराठी.’ स्पीकर चालू करून फोन डायनिंग टेबलावर ठेवला. दोन मिनिटं पिपाणी वाजली. मग एक भारदस्त आवाज म्हणाला, ‘नमस्कारम्.’

‘नमस्कार,’ आई खूश झाली.

पुढच्या वाक्याला कळलं की गृहस्थ मल्याळी आहेत. ‘मराठी’चं ‘मल्याळम’ झालं होतं. सगळ्यांनी एकमेकांची माफी मागितली. पुन्हा पिपाणी.

दुसरा आवाज आला तो असा, ‘बोला जी काकू, काय होऊन राहिलं?’

आईचा चेहरा फुलला. मला मात्र एक गोष्ट ठाऊक नव्हती. फोनवरचा दुभाषा काही गाळत नाही. जे कानावर पडेल ते सगळं, आणि तेही ‘मी’ लावून, इंग्रजीत सांगतो. तेच त्याचं काम. त्यामुळे आई बोलली आणि त्या भरदार पुरुषी आवाजात आमच्या घरात घुमलं, ‘मी एकाहत्तर वर्षांची बाई आहे आणि माझी हाडं गोठली आहेत.’

पलीकडच्या बाईंनी घाबरून विचारलं, ॲम्ब्युलन्स पाठवू का?

‘नको नको,’ आई म्हणाली. ‘बोलायची पद्धत असते हो. तुम्ही नागपूरकडचे का?’

दुभाष्याने इमानाने इंग्रजी केलं, ‘तुम्ही नागपूरकडच्या का?’

‘नाही मॅम,’ बाई म्हणाल्या. ‘मी ब्राँक्सची.’

मी मध्ये तोंड घातलं. आईने हातानेच गप्प केलं आणि माझ्याकडे बघत, पण फोनला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, ‘तीन दिवस झाले, याला काही जमलं नाही. नुसता सॉरी-सॉरी करतो लोकांना.’

‘तीन दिवस झाले,’ घुमला आवाज, ‘माझ्या मुलाला काही जमलं नाही. तो फक्त सॉरी म्हणत बसतो.’

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. हेही तक्रारीत गेलं की काय, हे मला अजून माहीत नाही.

शेवटी तक्रार क्रमांक आला. दुभाष्याने एकेक आकडा मराठीत सांगितला, आईने तो वहीत मराठी आकड्यांत उतरवला आणि खाली रेघ मारली. फोन ठेवताना ‘पोरा, तुझ्याकडे आहे ना गरम?’ असंही विचारलं. त्याने तेही भाषांतर केलं. ब्राँक्सच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे आहे, थँक यू.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिएटर फुसफुसला आणि मग सुटलाच. थर्मामीटर ८१ वर. आम्ही जानेवारीत खिडक्या उघडून बसलो. आईने शाल काढली, रेनकोट काढला, पदराने वारा घेतला आणि वही शोधायला लागली.

‘तो नंबर लाव जरा. उकडतंय म्हणून सांगते.’

‘आई, त्यासाठी नसतो तो. आणि लावायचाच असेल तर मी बोलतो ना.’

‘तू नको,’ ती म्हणाली. ‘तू गाळतोस.’