कांद्याचे कागद आणि कोबाल्टचे कागद : एका फिरत्या मजकुराला उत्तर

विकिरण प्रकल्पांविषयीचा, म्हणजे अन्न किंवा वैद्यकीय सामग्री किरणांखालून काढणाऱ्या कारखान्यांविषयीचा, एक मजकूर सध्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या आणि लघुउद्योजकांच्या गटांतून हातोहात फिरतो आहे. मला तो तीन वेगवेगळ्या माणसांनी सारख्याच संतापाने पाठवला. त्याचा सारांश असा : विकिरणाने कांदा किरणोत्सारी होत नाही हे सरकारच सांगते, मग प्रकल्प काढणाऱ्याकडे अणुभट्टीसारखी कागदपत्रे का मागतात; यंत्र बंद केले की किरणे बंद होतात, तेव्हा धोका तो कसला; अमेरिकेत असले काही नसते; कागदांच्या घोळापायी आपले आंबे परदेशात नष्ट झाले आणि लासलगावचा कांदा सडतो; सुरक्षा अधिकारी हा सहीपुरता पोसलेला माणूस असतो; आणि कहर म्हणजे कारखान्याची वीटही रचलेली नसताना तो बंद कसा करणार याचे पत्र मागतात. शेवटी ‘परवानाराज’ हा शब्द आहेच.

माझी नोकरीची बरीच वर्षे अशाच प्रकल्पांचे अर्ज भरण्यात आणि नोंदवह्या तपासण्यात गेली असल्यामुळे या मजकुरातला वैताग मला परका नाही. एका नकाशावर भिंतीची जाडी लिहायची राहिली म्हणून अख्खी फाईल परत आलेली मी पाहिली आहे. पण वैताग खरा असला म्हणून त्यावर रचलेली विधाने खरी ठरत नाहीत.

पहिल्या विधानाचा अर्धा भाग निर्विवाद खरा आहे. या प्रकल्पांतल्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमधून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी असते, आणि तेवढ्या ऊर्जेने कांदा, हळद किंवा सलाईनची नळी किरणोत्सारी होत नाही. मोड येऊ नयेत म्हणून कांद्याला ०.०२ ते ०.२ किलोग्रे (मालात शोषल्या गेलेल्या किरणांचे एकक; एक किलोग्रे म्हणजे हजार ग्रे) मात्रा पुरते, मसाल्यांतील जंतू मारायला ६ ते १४ किलोग्रे लागते, आणि यांपैकी कोणताही माल प्रकल्पातून बाहेर पडताना किरणे घेऊन जात नाही. चूक आहे ती ‘मग’ या शब्दात. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना कांद्यासाठी नसतोच. तो खोलीच्या मधोमध असलेल्या कोबाल्टसाठी असतो. हातभर लांबीच्या, बोटाएवढ्या जाडीच्या पोलादी पेन्सिलींत भरलेला हा धातू एका व्यापारी प्रकल्पात लाखो क्युरी (किरणोत्साराचे एकक) इतका असतो. एक लाख क्युरीचा उघडा स्रोत एक मीटरवर असेल, तर समोर उभ्या असलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटाच्या आत प्राणघातक मात्रा मिळते; आणि त्या अर्ध्या मिनिटात त्याला काही दिसत नाही, दुखत नाही, चटकाही बसत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वर्गवारीत असे स्रोत पहिल्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, वर्गात मोडतात.

दुसरे विधान सगळ्यांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. यंत्र बंद केले की किरणे बंद, हे क्ष-किरण यंत्राबद्दल खरे आहे आणि इलेक्ट्रॉन प्रवेगकाबद्दलही, म्हणजे विजेवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडणाऱ्या यंत्राबद्दलही, खरे आहे. कोबाल्टला बटण नसते. प्रकल्प ‘बंद’ होतो म्हणजे पेन्सिलींची चौकट साधारण सहा मीटर खोल पाण्याच्या टाकीत खाली उतरते, आणि पाणी किरणे अडवते, एवढेच. कोबाल्टचे काम रात्रंदिवस चालूच असते. दिवाळीला कारखाना बंद असला तरी कोबाल्ट दर महिन्याला सुमारे एक टक्का झिजत राहतो आणि ५.२७ वर्षांनी निम्मा उरतो. एकदा हे लक्षात घेतले की मजकुरात ज्यांची यादी थट्टेने दिली आहे ते कागद उलगडू लागतात. जागेच्या मंजुरीसाठी भूजलाची पातळी, पुराची शक्यता आणि मातीची भारक्षमता विचारतात, कारण टाकी गळली किंवा खचली तर संरक्षणाचा मुख्य थरच जातो. बांधकामापूर्वी काँक्रीटच्या भिंतींची जाडी आणि घनता तपासतात, कारण एकदा स्रोत आत आला की भिंत पाडून पुन्हा बांधता येत नाही. मग स्रोत भरण्याची परवानगी वेगळी, चाचण्यांनंतर चालवण्याचा परवाना वेगळा. एका टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यावर दुरुस्त करता येत नाही, म्हणून हे टप्पे आहेत.

चौकट खाली उतरलीच नाही, तर काय होते? ५ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर येथील वैद्यकीय सामग्री निर्जंतुक करणाऱ्या प्रकल्पात नेमके हेच घडले. मालाचे खोके अडकले आणि चौकट वरच राहिली. आत किरणे आहेत का हे सांगणारा खोलीतला शोधक कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेला होता. दार उघडण्यासाठी मापकाची बटणे भराभर दाबून ‘सर्व ठीक’ असा संकेत निर्माण करण्याची युक्ती कामगारांच्या अंगवळणी पडली होती. मूळ प्रशिक्षण घेतलेले लोक सोडून गेले होते आणि ज्ञान तोंडी, एकाकडून दुसऱ्याकडे, झिजत झिजत आले होते. तिघे आत गेले. त्यांतला एक साडेसहा महिन्यांनी मरण पावला, दुसऱ्याला पायांवर पाणी सोडावे लागले. पुढच्याच वर्षी इस्राएलमधील सोरेक येथे खोके अडकले तेव्हा दोन संकेत परस्परविरोधी होते, एक म्हणत होता स्रोत खाली आहे, दुसरा म्हणत होता किरणे आहेत. कामगाराने सोयीच्या संकेतावर विश्वास ठेवला आणि छत्तिसाव्या दिवशी तो गेला. दोन्ही ठिकाणी यंत्रे नामांकित होती. तुटली होती ती तपासणीची आणि नोंदीची शिस्त.

ही शिस्त प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो, कारण ‘कागदपत्रे’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त रबरी शिक्के येतात. सकाळच्या पाळीचा ऑपरेटर चावी उचलतो तेव्हा तिच्याबरोबर साखळीने जोडलेला, किरणे मोजणारा सर्व्हे मीटरही उचलला जातो, म्हणजे मीटर न घेता आत जाणे त्याला शक्यच नसते. दारापाशी ठेवलेल्या छोट्या चाचणी-स्रोतावर तो मीटर धरतो; काटा हलला, म्हणजे मीटर जिवंत आहे. मग वळणावळणाच्या बोळातून आत जाऊन, कोणी मागे राहिले नाही हे डोळ्यांनी पाहून, सर्वांत आतल्या भिंतीवरचे बटण दाबतो आणि ठरलेल्या वेळात बाहेर येऊन दार लावतो. उशीर झाला तर यंत्रणा त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावते. हे झाल्यावर वहीत एक ओळ लिहिली जाते : वेळ, मीटरचे वाचन, पाण्याची पातळी, सही. एका प्रकल्पात मला सलग चौदा दिवसांच्या ओळी एकाच शाईत, एकाच वळणात, ‘८.०५’ या एकाच वेळेच्या आढळल्या. चौकशी केल्यावर कळले की साखळी बाहीत अडकते म्हणून काढून ठेवली होती आणि मीटर कार्यालयाच्या कपाटात होता. त्या चौदा ओळी नसत्या, तर कपाट उघडून पाहण्याचे मला काहीच कारण नव्हते.

‘अमेरिकेत असले काही नसते’ या विधानाला फार शब्द लागत नाहीत. वर सांगितलेली साखळी अमेरिकेच्या संघीय नियमावलीत, शीर्षक १० च्या भाग ३६ मध्ये, १९९३ पासून शब्दशः आहे : स्रोत वर-खाली करणारी चावी एकच असावी आणि ती सर्व्हे मीटरला साखळीने किंवा तारेने जोडलेली असावी. ऑपरेटरचे प्रशिक्षण, त्याची लेखी परीक्षा आणि आपत्कालीन कार्यपद्धती हे सगळे तिथेही लेखी द्यावे लागते. त्याआधी, १९८८ मध्ये, न्यू जर्सीतील एका विकिरण कंपनीच्या अध्यक्षाला तिथल्या न्यायालयाने दोषी ठरवले होते, ते सुरक्षेचे इंटरलॉक, म्हणजे आत किरणे असताना दार उघडू न देणारी व्यवस्था, वगळून काम करवल्याबद्दल आणि तपासनिसांशी खोटे बोलल्याबद्दल.

आंबा आणि कांद्याच्या मुद्द्यात मजकूर लिहिणाऱ्याने तीन निराळे गठ्ठे एकत्र बांधले आहेत. एक गठ्ठा स्रोताचा, ज्याचा आधार २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम. दुसरा अन्नाचा : कोणत्या मालाला किती मात्रा द्यायची हे २०१२ चे अन्न विकिरण नियम सांगतात, आणि पाकिटावरचे चिन्ह अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या कक्षेत येते. तिसरा निर्यातीचा, जो आयात करणारा देश ठरवतो. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते किमान ४०० ग्रे मात्रेच्या अटीवर, आणि पहिल्या खेपांचे विकिरण लासलगावलाच झाले. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकी विमानतळांवर अडवल्या गेल्या आणि निर्यातदारांनी त्या तिथेच नष्ट केल्या, हे खरे आहे. पण हरकत होती ती खेपेबरोबर जाणाऱ्या, अमेरिकी कृषी खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीने निघणाऱ्या प्रमाणपत्राबद्दल. त्या कागदाचा कोबाल्टच्या परवान्याशी काडीचाही संबंध नाही. परवाना उद्या रद्द केला तरी ते प्रमाणपत्र लागणारच.

कांद्याचे म्हणाल, तर विकिरणाने मोड थांबतात. सड थांबत नाही. ओलसर चाळीत बुरशी धरलेला कांदा कितीही किरणांखालून काढला तरी सडतोच, आणि पाण्याचा अंश उडून घटणारे वजनही घटतच राहते. शिवाय मोड थांबवण्यासाठी काढणीनंतर ठरावीक आठवड्यांतच प्रक्रिया करावी लागते. रब्बीचा कांदा एकदम बाजारात येतो, तेव्हा प्रकल्पासमोर रांग लागते, आणि उरलेले महिने यंत्र मालाची वाट पाहते. लासलगावचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून उभा आहे. त्याच्यापुढची अडचण साठवणुकीची, वाहतुकीची आणि हंगामाची आहे. ती परवान्याच्या खात्यावर टाकणे सोपे आहे, इतकेच.

ज्यांना स्रोताचा गठ्ठा खरोखरच नको आहे, त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉन प्रवेगकाचा मार्ग आहे. तिथे बटण खरेच बटण असते, दर वर्षी स्रोताची भर घालावी लागत नाही, जुना स्रोत परत करण्याचाही प्रश्न नसतो. परवाना मात्र तिथेही लागतो, आणि १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झोत पाण्याइतक्या घनतेच्या मालात एका बाजूने चारेक सेंटिमीटरच शिरतो, म्हणून पन्नास किलोचे गोणपाट त्याखाली सरकवून उपयोग नाही.

सुरक्षा अधिकाऱ्याबद्दल थोडक्यात. मंडळाच्या मान्यतेशिवाय त्याची नेमणूक होत नाही, प्रत्येक कामगाराच्या छातीवरच्या, अंगावर पडलेली मात्रा नोंदवणाऱ्या टीएलडी बॅजचे वाचन तोच पाहतो, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (माणसाला मिळालेल्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्ट ही मर्यादा ओलांडली जात नाही ना हे तोच बघतो, आणि मालकाला ‘आज यंत्र चालणार नाही’ असे म्हणण्याची जबाबदारीही त्याचीच. तो सहीपुरता ठेवला असेल, तर दोष ठेवणाऱ्याचा आहे.

एक तक्रार मात्र मजकुरात असायला हवी होती आणि ती नेमकी नाही. रात्रपाळीला काम करणारी मुले मराठी किंवा हिंदी वाचतात, आणि भिंतीवर चिकटवलेली आपत्कालीन सूचना बहुतेक वेळा इंग्रजीत असते, कारण तपासायला येणारा माणूस इंग्रजी वाचतो. मी एका ठिकाणी ती मराठीत लिहून लावली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी एका हेल्परने विचारले, ‘साहेब, हे तिसरं कलम इथं आधीपासून होतं का?’ होते; सहा वर्षे.

राहिला तो सर्वांत गाजलेला विनोद, सुरू न झालेला कारखाना बंद करण्याच्या पत्राचा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० च्या सुमारास कॅनडाहून आणलेले एक गॅमा विकिरण यंत्र होते. कारखान्यातल्या यंत्राच्या तुलनेत ते अगदी छोटे, संशोधनापुरते. १९८५ नंतर ते कोणी वापरले नाही. वापरणारे निवृत्त झाले, आणि आत काय आहे हे ठाऊक असलेले कोणी उरले नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. चाळीस वर्षांत कोबाल्टचा शंभरावा हिस्साही शिल्लक नव्हता; तेवढ्याने एका भंगार कामगाराचा जीव गेला आणि आणखी कित्येक जण रुग्णालयात दाखल झाले. स्रोत देणाऱ्याने तो झिजल्यावर परत घ्यावा आणि घेणाऱ्याने तो परत करावा, अशी लेखी हमी आता अर्जाच्या वेळीच, स्रोत दारात येण्याआधी मागतात. ज्या पत्राची थट्टा झाली आहे, ते हेच.