आडवं बोअर

आमच्याकडे सांगोल्याच्या बाजूला बांधावरून जेवढी भांडणं होतात, तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसतील. नांगराचं एक तास जास्तीचं गेलं, बांध वीतभर कोरला, की आधी शिव्या, मग मोजणी, मग कोर्टाच्या तारखा. आमच्याच भावकीत दोन घरं अशा वीतभर बांधापायी अकरा वर्षं एकमेकांच्या लग्नकार्याला गेली नाहीत.

आणि त्याच बांधाखालून आडवं बोअर जातं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. विहीर आटली की यारीने मशीन आत सोडतात आणि तळाजवळ खडकात आडवी भोकं पाडतात. शंभर फूट, सव्वाशे फूट, जिकडे पाणाड्या बोट दाखवेल तिकडे. आतून राखाडी चिखल यायला लागतो. काठावर उकिडवी बसलेली माणसं माना लांब करून बघत असतात आणि धार बदलली की कोणीतरी ओरडतं, "लागलं!" आता विहीर बांधापासून वीस फुटांवर असेल तर शंभरातले उरलेले ऐंशी फूट कोणाच्या रानात गेले? मोजणीवाला वरचं मोजतो. खालचं मोजायला कोणी अर्ज केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आमची विहीर सामाईक. आजोबा आणि त्यांच्या दोन भावांनी मिळून पाडलेली. पुढे वाटण्या झाल्या, जमीन तुटली, विहीर तुटली नाही. वाटणीपत्रात लिहिलंय: प्रत्येकाचा हिस्सा पाच आणे चार पै, आणि दोन-दोन दिवसांची पाळी. तिघांचं आपसात फार गोडीगुलाबीचं होतं असं अजिबात नाही. पण दुसऱ्याच्या पाळीत मोटारीच्या बटणाला कोणी हात लावला नाही. पाणी खाली गेलं की तिघंही काठावर येऊन आत बघायचे आणि फारसं न बोलता ठरून जायचं की यंदा उन्हाळी भुईमूग नको. पाणी तिघांच्या डोळ्यांसमोर होतं ना.

मग डाळिंब आलं, डाळिंबाचा पैसा आला आणि पैशामागून बोअरची गाडी आली. धाकट्या आजोबांच्या घराने पहिलं मारलं, २१० फुटांवर दोन इंची पाणी. मग आम्ही. मग परत ते, परत आम्ही, दर वेळी आधीच्यापेक्षा खोल. २०१९ साली आमचं चौथं बोअर ५२० फुटांवर गेलं. त्याचे पैसे पुण्यातून मी पाठवले होते. वडील फोनवर एवढंच म्हणाले होते, "बाग जळायला लागलीय." त्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडला. मधल्या आजोबांच्या घराकडे बोअरला पैसा नव्हता, त्यांचं सगळं विहिरीवर. पाळी कोणी मोडली असं विचाराल तर कोणीच नाही. आम्ही फक्त आपापल्या रानात भोक पाडलं.

आपला काळा पाषाण काही पाण्याने भिजलेला नसतो. पाणी असतं वरच्या मुरमात आणि खडकातल्या भेगांत. खोल बोअर त्या भेगा फोडत जातं आणि वरचं पाणी खाली ओढतं. 'नवीन पाणी लागलं' म्हणून आपण पेढे वाटतो, ते बऱ्याचदा शेजारच्या विहिरीतलंच असतं.

कायद्याचं म्हणाल तर १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्याने इंग्रजांनी जमिनीखालचं पाणी जमीनमालकाच्या पदरात टाकलं, आणि आपण अजून तीच समजूत उराशी धरून आहोत. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यात ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरीला वेगळी व्याख्या आहे, बंधनं आहेत. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या शिवारात दोनशे फुटांचं बोअर म्हटलं तर पोरं हसतात.

"मग पाणी सरकारचं करून टाका" असं काही जण म्हणतील. गायरान सरकारचंच आहे. बघून या त्याचं काय झालंय. सरकारी म्हणजे कोणाचंच नाही आणि खाजगी म्हणजे माझ्या एकट्याचं, यांच्या मधला 'सामाईक' हा शब्द आपण वाटणीपत्रातच ठेवून दिला.

पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हा नेमकं इथेच बोट ठेवलं. पाणी जमिनीच्या हिशेबाने न देता माणशी अर्ध्या एकराला द्यायचं, भूमिहीनालाही हक्क, ऊस बंद, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकायचा नाही. हिवरे बाजारला दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत. २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंची पीएचडीसुद्धा भूजलावरच होती. लॉस एंजेलिसजवळ उपसा एवढा वाढला की समुद्राचं पाणी आत शिरायला लागलं, तेव्हा उपसणारेच एकत्र बसले आणि उपसा कमी केला. तिथे बैठकींबरोबर कोर्टही होतं, आणि कोण किती उपसतो याचा आकडा सगळ्यांसमोर होता.

"हिवरे बाजारला पोपटराव पवार आहेत, आमच्याकडे कोण?" हे मी स्वतःही बोललोय. पण आमचे तीन म्हातारे काही पोपटराव नव्हते. एक तर पक्का भांडकुदळ होता. त्यांना पाळी जमली, कारण विहिरीत डोकावलं की किती उरलंय ते दिसायचं. बोअरमध्ये डोकावता येत नाही.

या मे महिन्यात तिन्ही घरांची बैठक झाली. माझं म्हणणं होतं की आमचं चौथं बोअर आधी बंद करू. वडील उठून बाहेर गेले. धाकट्या घराने विचारलं, बागेच्या कर्जाचा हप्ता तू भरणार का? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठरलं एवढंच की दर रविवारी विहिरीत दोरीला दगड बांधून सोडायचा आणि काठापासून पाणी किती फुटांवर आहे ते भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं. काम मधल्या घरातल्या नववीतल्या पोरीकडे आहे.

कालचा आकडा ४१. खाली कोणी अंगठा टाकलेला नाही, पण तिन्ही घरांनी बघितलाय. निळ्या खुणा दिसतात.