सूज ओसरल्यावरही विश्रांतीच?

ताई, आमवात (रुमेटॉइड आर्थरायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार) असलेल्यांनी सूज ओसरल्यावर चालत राहावं, हृदयासाठीही ते गरजेचं आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. सासूबाईंना आमवात, घर ठाण्याच्या नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'सुजलेल्या गुडघ्याच्या माणसाला चाला म्हणणं सोपं आहे; आणि दुखणं सांध्यांचं, मग मधेच हृदय कुठून आलं?' असं तुम्ही विचारलंत.

हृदय मधेच आलेलं नाही. आमवातात जो दाह सांध्याचं अस्तर सुजवतो, तोच रक्तवाहिन्यांनाही आतून इजा करतो. म्हणूनच युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या 'युलार' या संघटनेने आमवाताच्या रुग्णाचा हृदयविकाराचा धोका, वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे पाहून धोका मोजायच्या नेहमीच्या कोष्टकाने काढल्यावर, १.५ने गुणायला सांगितलं आहे. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे' यावरही निर्धास्त राहू नका. आजार जोरात असताना कोलेस्टेरॉलचा आकडा खाली येतो, धोका मात्र खाली येत नाही. आजार शांत असताना ही तपासणी पुन्हा करून घ्या. रक्तदाबही पाहा, कारण स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांनी तो वाढू शकतो.

सांधा गरम आणि सुजलेला असताना त्याला आराम द्यायचा, यात आपलं दुमत नाहीच. माझा विरोध आहे तो सूज गेल्यावरही महिनोन्‌महिने चालणाऱ्या विश्रांतीला. या आजारात स्नायू तसेही झिजतात. त्यात अंथरूण धरलं की मांड्यांची ताकद जाते, गुडघ्याला आधार उरत नाही, एक जिना चढतानाच धाप लागते आणि घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण यातलं कितीतरी टाळता येतं. 'युलार'ने २०१८ च्या शिफारशींत शारीरिक हालचालीला उपचाराचाच भाग मानलं आहे.

जिने रोज चढा, असं मी म्हणत नाही. घरातल्या घरात फेऱ्या मारता येतात. उंच खुर्चीवरून, जमलं तर हात न टेकता, उठता-बसता येतं. खाली उतरणं होईल त्या दिवशी कचराळी तलावाला फेरी मारावी. सकाळचा ताठरपणा गेल्यावर, म्हणजे त्यांना संध्याकाळच बरी. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं तर वेळ कमी करा, बंद करू नका.

मात्र सुरुवात त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा चालताना छातीत दडपण येत असेल, तर ते आधी सांगा. आमवात मानेच्या मणक्यांपर्यंतही पोचू शकतो.